आधी पुरावं, मग आपलं म्हणावं

हिल्डा ट्रॅनमरला निरोपाचा हात हलवलेला खपत नसे. बस सुटताना कुणी चुकून हात वर केलाच, तर खिडकीची काच सरकवून ती भर रस्त्यात ओरडायची, "खाली घे तो हात, मुडद्या! मला बुडवायचंय का तुला?"

ह्यात हसण्यासारखं काही नाही. हल बंदराच्या हेसल रोडवर जी माणसं वाढली त्यांच्या हे हाडात आहे. घरचा पुरुष बोटीवर निघाला की बाईनं दारात उभं राहून हात हलवायचा नाही, आणि त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत. हात हलवला की दर्याला वाटतं, हिनं माणूस सोडला. मग तो कशाला परत देतोय? शहाण्या लोकांनी ह्याला खुशाल खुळेपणा म्हणावं. शहाण्या लोकांचे नवरे जानेवारीत पार उत्तरेच्या बर्फात, बेअर बेटापाशी, जाळी ओढायला जात नाहीत.

हिल्डाचा बाप जायचा. जॅक ट्रॅनमर त्याचं नाव. हिल्डा चार वर्षांची असताना त्याची बोट बेअर बेटाकडे गेली ती गेलीच. एक फळकूटसुद्धा कुठल्या किनाऱ्याला लागलं नाही. दोन वर्षांनी आई छातीच्या दुखण्यानं गेली, आणि पोर खलाशांच्या अनाथ मुलांच्या आश्रमात आली. आईला कुठंतरी सरकारी खर्चानं पुरलं होतं, वर दगड नाही की खूण नाही. पुढे लढाईत शहरावर बॉम्ब पडले तेव्हा तो कोपराही उलथापालथा झाला. थोडक्यात काय, फुलं ठेवायला हिल्डाकडे ह्या जगात हातभर जागा नव्हती.

बापाच्या तोंडची एकच गोष्ट तिच्याजवळ उरली. एकदा त्यानं तिला खांद्यावर बसवून गोदीवर नेलं होतं. वाऱ्यानं कान फुटत होते, खाली माशांच्या पेट्यांचा खडखडाट चाललेला, आणि तो वर मान करून म्हणाला होता, "हे बघ पोरी, आपण काही जन्माचे मासेवाले नाही. आपण तिकडच्या टेकड्यांतले, मेंढ्यांवाले. आपण आल्डर्सबीचे." चार वर्षांच्या पोरीनं ते नाव मुठीत धरलं ते सोडलंच नाही. आश्रमात बाकीच्या पोरी प्रार्थना पुटपुटत झोपायच्या, ही 'आल्डर्सबी, आल्डर्सबी' म्हणत झोपायची. आपलं कुणीतरी कुठंतरी आहे, आणि त्या ठिकाणाला नाव आहे, एवढ्यावर तिनं बालपण काढलं.

पंधराव्या वर्षी ती मासे कापायच्या शेडमध्ये लागली. पायात लाकडी तळाचे बूट, डोक्याला फडकं, हातात सुरी आणि तोंडात त्याहून धारदार जीभ. कॉड असो की हॅडक, दोन घावांत काटा वेगळा. तिच्या शेजारी उभी राहणारी एल्सी म्हणायची, "हिल्डे, तुझी सुरी बोथट झाली तर सांग, तुझ्या बोलण्यानंच कापू." लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलगा चांगला होता, पण तोही बोटीवरचाच. हिनंच नाही म्हटलं. "आणखी एकाची वाट बघायची ताकद माझ्यात नाही," म्हणाली आणि विषय मिटवला. एल्सीनं पुन्हा काढायचा प्रयत्न केला तर तिला म्हणाली, "तुला एवढा आवडत असेल तर तूच कर."

मग आइसलंडशी मासेमारीच्या हद्दीवरून तंटे झाले, बोटी गोदीत गंजत उभ्या राहिल्या, शेड बंद पडली. पन्नाशीला टेकलेली बाई घरी बसली. एल्सी म्हणाली, "बिंगो खेळायला चल." हिल्डा म्हणाली, "आकडे लागायची वाट बघत बसायची हौस नाही मला. मी माझी माणसं शोधणार आहे." आणि बस पकडून बेव्हर्लीच्या दफ्तरखान्यात गेली.

दफ्तरखान्याचं एक वेगळंच जग असतं. आत शाईचं पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. खाणंपिणं बाहेरच्या कपाटात. आत गावोगावच्या चर्चची जुनी बुकं: बारसं झालं त्याची नोंद, लग्न झालं त्याची, पुरलं त्याची. काही कागदावर, काही फिल्मवर उतरवलेली, ती यंत्राच्या पडद्यावर चाक फिरवत वाचायची. दर मंगळवारी तिथं तीच ती माणसं. त्यांच्यात जाती दोनच. एक, ज्यांना आपल्या घराण्यात सरदार शोधायचा असतो. ते महिन्याभरात कंटाळून निघून जातात. दुसरी हिल्डासारखी, ज्यांना मेंढपाळ मिळाला तरी डोळ्यांत पाणी येतं.

ह्या सगळ्यांवर राज्य मिस फेन्विकचं. उंच, किडकिडीत, चष्मा गळ्यात लोंबणारा, आवाज कधी चढायचा नाही. पहिल्याच मंगळवारी तिनं नाक किंचित वर करून विचारलं होतं, "मिस ट्रॅनमर, तुम्ही डब्यात मासे आणलेत का?"

"नाही हो, मी पस्तीस वर्षं मासे कापलेत. तो वास माझ्याबरोबर खड्ड्यातच जायचा आता."

मिस फेन्विकनं खिडकी उघडली आणि पुढे कधीही तो विषय काढला नाही. हळूहळू तिनंच हिल्डाला सगळं शिकवलं. वाकडंतिकडं जुनं अक्षर कसं लावायचं, शिरगणतीच्या कागदांवरून एकेक पिढी मागे कशी चढायची. जॅकचा बाप जॉर्ज, जॉर्जचा बाप विल्यम, विल्यमचा बाप थॉमस. हा थॉमस हलच्या गोदीवर हमाली करणारा, आणि शिरगणतीच्या माणसाला त्यानं स्वतः सांगितलेलं: वय चाळीस, जन्म आल्डर्सबी.

आल्डर्सबी! बापाचं बोलणं सरकारी कागदावर! हिल्डानं आल्डर्सबीच्या बारशांचं बुक मागवलं आणि बरोबर त्या वर्षात सापडला: थॉमस, मॅथ्यू आणि अ‍ॅन ट्रॅनमर यांचा मुलगा. ती अशी किंचाळली की शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातातली पेन्सिल मोडली.

मिस फेन्विक चष्मा लावून वाकली. "छान. आता पुरण्याचं बुक बघा."

"ते कशाला?"

"आपल्या कामात एक नियम आहे, मिस ट्रॅनमर. आधी पुरावं, मग आपलं म्हणावं. त्या काळी मुलं पटापट जायची. जो बारशात सापडला तो जगला होता की नाही, हे पाहिल्याशिवाय त्याला आपला म्हणू नये."

"अहो, तो लहानपणीच गेला असता तर मी कुठून आले असते? मी काय भूत आहे?"

अख्खी खोली हसली. मिस फेन्विकसुद्धा हसली, आणि त्या हसण्यात ते बुक मागवायचं राहून गेलं. ही चूक मासे कापणाऱ्या बाईची नव्हे, पूर्वज शोधणाऱ्यांचीच. सापडल्याच्या आनंदात माणूस पुढचं पान उलटत नाही.

त्याच शनिवारी ती आल्डर्सबीला गेली. टेकड्यांच्या बेचक्यात वीस-पंचवीस घरं, एक चर्च, एक बंद पडलेली शाळा, आणि जिकडे तिकडे मेंढ्या. चर्चच्या मागच्या अंगाला, यू नावाच्या सदाहरित झाडाखाली, कलता झालेला दगड: मॅथ्यू ट्रॅनमर, आणि त्याची बायको अ‍ॅन. हिल्डानं दगडावर तळवा टेकवला. शेवाळानं तो थंडगार होता. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या माणसाजवळ उभी होती. तिनं मोठ्यानं म्हटलं, "आले हो मी."

"कोण आलं?" पलीकडून आवाज आला. गवत कापायचा विळा घेऊन एक ठेंगणा, लालबुंद माणूस उभा होता. वॉल्टर सिसन, चर्चचा कारभारी, आणि गावात माणूस मिळेनासा झाला तेव्हापासून खड्डे खणणाराही तोच.

"ट्रॅनमर आले," हिल्डा म्हणाली.

"ट्रॅनमर? ते तर शंभर वर्षांपूर्वीच संपले इथले."

"संपले नव्हते. मासे धरायला गेले होते."

वॉल्टरनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बराच उशीर लावला की यायला," म्हणाला आणि पुन्हा गवत कापायला लागला.

तेव्हापासून दर शनिवारी हिल्डा आल्डर्सबीत. पाऊस असो, धुकं असो. तिनं शेवाळ खरवडून काढलं, अक्षरं घासून वाचती केली, दगडाच्या पायथ्याशी पिवळ्या डॅफोडिलचे कंद लावले. थॉमसचं नाव दगडावर नव्हतं. तो तर हल बंदरात जाऊन तिथंच कुठंतरी वारला असणार. पण त्याचं बालपण ह्या मातीतलं, म्हणून ती फुलं त्याच्याच नावानं ठेवायची. "घ्या आजोबा," म्हणायची, "आज ट्यूलिप आहेत, महाग पडलेत, नीट बघून घ्या." मग त्याला आठवड्याची हकिकत सांगायची. एल्सीचा गुडघा, भाडेवाढ, खालच्या मजल्यावरचा कुत्रा. एवढं ऐकून घेणारं माणूस तिला जिवंतांत मिळालं नव्हतं.

वॉल्टरची बायको आदल्याच वर्षी गेली होती. तो थर्मासमध्ये चहा आणायचा, हिल्डा वर्तमानपत्रात गुंडाळलेला हॅडक आणायची. दोघं भिंतीवर बसून चहा प्यायची आणि भांडायची. "तुझे पूर्वज आळशी होते म्हणून गाव सोडून पळाले," तो म्हणायचा. "तुझे पूर्वज इतके मंद की पळायचं त्यांना सुचलंच नाही," ती म्हणायची. आणि संध्याकाळची बस सुटताना वॉल्टर दर खेपेला मुद्दाम, हटकून, हात वर करून हलवायचा. हिल्डा काच सरकवून शिव्या घालायची. बसचा ड्रायव्हर बदलला, बस बदलली, हा तमाशा बारा-तेरा वर्षं बदलला नाही.

मग तिला खोकला लागला. डॉक्टरनं छातीचे फोटो काढले, आणि डॉक्टर फार गोड बोलायला लागला की ओळखावं. हिल्डानं एल्सीला सांगितलं नाही. वॉल्टरला सांगितलं, तेही आडवळणानं. "ह्या यू झाडाखाली, मॅथ्यू आणि अ‍ॅनच्या शेजारी, एक माणूस मावेल का रे?"

वॉल्टरनं चहाचा पेला खाली ठेवला. चर्चच्या आवारात जागा संपत आली होती. चर्चच्या कमिटीनं ठरवलेलं होतं: जागा द्यायची ती गावात राहणाऱ्यांना, आणि बाहेरच्यांपैकी फक्त जुन्या घराण्यांच्या वंशजांना, त्यांच्या माणसांशेजारी. तो उठला, झाडापासून दगडापर्यंत पावलं टाकत गेला, परत आला. "मावेल. बारीक राहिलीस तर."

कमिटीनं मान्यता दिली. त्या दिवशी बसमध्ये हिल्डा एकटीच हसत बसली होती. मरणाची भीती तिला फारशी नव्हती. भीती होती ती आईसारखं कुठंतरी, कुणाच्याही मध्ये, पडून राहण्याची. आता तिला तिच्या माणसांत झोपायला मिळणार होतं. एवढंच तिनं जन्मभर मागितलं होतं.

हे असंच राहिलं असतं. पण पाद्री कॉलिन्सन ह्यांना उत्साह आला. चर्चमध्ये एक फळा लावावा, त्यावर गावच्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी असाव्यात, आणि हे काम मिस ट्रॅनमरशिवाय कोण करणार! हिल्डा फुलून गेली. आजवर तिनं आपल्यापुरतं पाहिलं होतं. आता सिसनांचं, हॉलगेटांचं, सगळ्यांचं बघायचं. दुसऱ्यांचं काम, म्हणून ती नियमानं वागली. बारशांचं बुक झालं की पुरण्याचं बुक. आधी पुरायचं, मग आपलं म्हणायचं. सिसनांच्या तीन पोरी तिनं एका हिवाळ्यात पुरल्या. "हा हिवाळा होता की काळ!" असं स्वतःशी पुटपुटत तिनं चाक फिरवलं, आणि पडद्यावर पुढची ओळ आली.

थॉमस ट्रॅनमर. आल्डर्सबी. फेब्रुवारी. वय दोन.

तिनं चाक मागे फिरवलं, पुन्हा पुढे आणलं. ओळ तिथंच होती. मग ती उठून बाहेर गेली, कपाटातून डबा काढला, पायरीवर बसून सँडविच हातात धरलं आणि खायचं विसरून गेली.

मिस फेन्विक तिला शोधत आली. केस आता पांढरे झाले होते, निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. हिल्डानं तिला आत नेऊन पडदा दाखवला. मिस फेन्विकनं ती ओळ वाचली. वाचून झाल्यावरही ती वाकलेलीच राहिली.

"मी तेव्हा हसायला नको होतं," ती म्हणाली.

"हसवलं मीच. ते सोडा. मला सांगा, आता काय?"

"त्या काळी एक रीत होती. एक मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. मॅथ्यू आणि अ‍ॅनला पुढे दुसरा थॉमस झाला असेल, आणि तुमचा तो असेल."

हिल्डाचा श्वास परत आला. दोघींनी मिळून बारशांचं आणि पुरण्याचं, दोन्ही बुकं सुरुवातीपासून पुन्हा वाचली. थॉमसनंतर मेरी. मग जेन. मग अ‍ॅनच पुरली गेली. दुसरा थॉमस नव्हता.

"कदाचित दुसरा थॉमस बारशाला चर्चमध्ये न आणता मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनाघरात नेला असेल," मिस फेन्विक म्हणाली. "त्यांचं बुक आपल्याकडे आलेलं नाही. कदाचित तुमचा थॉमस दुसऱ्याच ट्रॅनमरांचा असेल. कदाचित तो लहानपणी आल्डर्सबीत नुसता मेंढ्यांवर राबायला होता, आणि शिरगणतीवाल्याला तेच गाव सांगून मोकळा झाला."

"म्हणजे मी कोण?"

मिस फेन्विकनं चष्मा काढला. दफ्तरखान्यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द 'कदाचित' आहे, आणि त्या बाईनं तो जन्मभर लोकांना दिला होता. ह्या वेळी तिच्यानं तोही देववेना. तिनं हिल्डाच्या खांद्यावर हात ठेवला, दफ्तरखान्याच्या आत, सगळ्यांसमोर, जे तिथं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तो आठवडा हिल्डानं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. एल्सी दार वाजवून गेली, हिनं उघडलं नाही. मनात एकच घोळत होतं. हे माहीत आहे कुणाला? तिला आणि मिस फेन्विकला. मिस फेन्विक मेली तरी बोलणार नाही. पाद्रीसाहेबांच्या फळ्यावर ट्रॅनमरांची ओळ आधीसारखी लिहिली तर कोण उठून पुरण्याचं बुक बघायला जाणार आहे? गप्प बसलं की झालं. यू झाडाखाली जागा आहे, मान्यता आहे. नुसतं मरायचं तेवढं बाकी.

शनिवारी ती गेली. वॉल्टर भिंतीवर बसला होता, थर्मास शेजारी. हिल्डा बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, एका दमात, मध्ये खोकत. "तर मी ह्यांची कुणी नाही. असेनही, नसेनही, पण सांगता येत नाही. तू कमिटीला सांग, जागा दुसऱ्या कुणाला द्या."

वॉल्टरनं समोरच्या टेकडीकडे बघत विचारलं, "तू बोलली नसतीस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग तोंड कशाला उघडलंस, बाई?"

"मी गोदीवरची आहे, वॉल्टर. शिळा मासा ताजा म्हणून मी कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही. आता जाता जाता स्वतःलाच तसं खपवू?" इतकं बोलून तिचा आवाज फुटला. "मला पाहिजे होतं रे हे. किती पाहिजे होतं, तुला नाही कळायचं. तुझे सगळे इथं ओळीनं झोपलेत, तुला कधी कुणाला शोधावं लागलं नाही. मला वाटलं होतं, एकदा तरी माझ्या माणसांच्या शेजारी..." ती दगडाकडे तोंड करून रडली, चांगली हुंदके देऊन, जशी ती आश्रमात कधी रडली नव्हती. वॉल्टर उठला नाही की जवळ गेला नाही. तसा तो माणूसच नव्हता. त्यानं फक्त तिचा पेला भरून भिंतीवर तिच्या बाजूला सरकवला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "ते पोरगं कुठंय मग?"

"कोणतं पोरगं?"

"दोन वर्षांचं. थॉमस. इथंच पुरला असणार ना, आईबापाजवळ? दगडावर तर नाव नाही."

हिल्डा वळली. आठवडाभर तिनं त्या पोराला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या: मेल्या, तू जगला का नाहीस? त्याच्याकडे पोर म्हणून तिनं बघितलंच नव्हतं. दोन वर्षांचं, फेब्रुवारीतलं, नुकतं बोलायला लागलेलं. आईच्या पाठोपाठ चालताना धडपडणारं. त्याच्यानंतर त्याचं नाव घेणारं कुणी उरलं नसणार. मेलेल्या पोराला कुठले आलेत वंशज!

"म्हणजे," ती नाक पुसत म्हणाली, "मी इतकी वर्षं ट्यूलिप कुणाला देत होते?"

"त्यालाच की. दुसरं कोण आहे इथं त्या नावाचं?"

"अरे देवा. मी त्याला भाडेवाढ सांगत होते रे. एल्सीच्या गुडघ्याचं सांगत होते. दोन वर्षांच्या लेकराला!" आणि रडता रडता तिला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, आणि वॉल्टरला शेवटी उठून तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. ती खाली वाकली आणि डॅफोडिलच्या पात्यांवरून हात फिरवला. "चुकलं हो बाळा," म्हणाली, "मी तुला आजोबा म्हटलं."

चहा गार झाला होता तरी दोघांनी प्यायला. वॉल्टर म्हणाला, "कमिटीला मी सांगतो. लपवायचं नाही म्हणतेस तर नाही लपवत. पण नियम नाही म्हणेल."

"म्हणू दे."

"नियमात दोन गोष्टी आहेत. जुन्या घराण्याचे वंशज, ही एक. ती तुझी गेली."

"माहीत आहे. पुन्हा पुन्हा काय सांगतोस, मीठ चोळतोस का?"

"दुसरी, गावात राहणारे." वॉल्टर विळ्याच्या मुठीवरची माती नखानं काढायला लागला. "मोठ्या घरातले ते लंडनवाले परवा परवा आले, त्यांना मेंढी आणि बकरी वेगळी ओळखता येत नाही, तरी त्यांचा हक्क आहे. का, तर राहतात. त्यांना कुणी पणजोबा विचारत नाही."

"मग?"

"माझ्या घरात मागची खोली रिकामी आहे. दक्षिणेकडची. ऊन येतं."

हिल्डा त्याच्याकडे बघतच राहिली. "वॉल्टर सिसन, तू मला घर विचारतोयस, लग्न विचारतोयस, की थडगं?"

वॉल्टर कानापर्यंत लाल झाला. मुळात इतका लाल होता तरी ते दिसलं. "तुला त्यातलं काय पाहिजे?"

"हेसल रोड सोडून? ह्या वयात? मेंढ्यांच्या वासात?"

"माशांचा वास मी इतकी वर्षं चालवून घेतलाच ना?"

ती दगडाकडे बघत होती. मॅथ्यू, अ‍ॅन, आणि ज्याचं नाव कुणी कोरलं नाही तो. हे तिचे नव्हते. तिचे कोण, हे आता ह्या जन्मी कळणार नव्हतं, आणि ती हुरहूर जायचीही नव्हती. ती तिच्याबरोबरच संपणार होती. बापानं खांद्यावरून दाखवलेलं आल्डर्सबी हेच का दुसरंच काही, देव जाणे. पण पोराला दर शनिवारी भेटायची सवय तिला लागली होती, आणि बहुधा त्यालाही.

बस आली. दोघं फाटकापर्यंत चालत गेली. हिल्डाला दम लागत होता म्हणून वॉल्टर मुद्दाम हळू चालला, आणि आपला गुडघा दुखतो असं खोटंच सांगत राहिला. बसच्या पायरीवर चढून ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी येताना टेप घेऊन येते. खिडकीचं माप लागेल, पडद्यांसाठी. तुझ्या घरातले पडदे मला बघवणार नाहीत, हे आत्ताच सांगते."

"ये," वॉल्टर म्हणाला.

ती नेहमीच्या जागी बसली आणि सवयीनं काच सरकवली. शिव्या तोंडात तयार होत्या. बस हलली. वॉल्टरचा उजवा हात वर निघाला, इतक्या वर्षांच्या खोडीनं, छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. मग त्यानं तो खाली घेतला. दोन्ही हात कोटाच्या खिशांत खोल खुपसले आणि तो तसाच, हात आवळून, रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

हिल्डाच्या आईनंही जॅकला हात हलवला नव्हता. ती दारात दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळून उभी होती, हे चार वर्षांच्या पोरीनं पाहिलं होतं, आणि तरी तो आला नव्हता. रीत पाळल्यानं कुणी परत येतं असं नाही, हे हेसल रोडवर तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण आईनंतर आजवर तिच्यासाठी कुणी हात खिशात घातले नव्हते. तिनं काच लावली नाही. वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि स्वतःचे दोन्ही हात तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवले.